नोटेवरची तारीख आणि नोटेचं वय : तुर्की लिरांच्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५

पुण्याच्या प्रदर्शनातून उचललेला तुर्की लॉट आज मोकळा केला. जाड कागदी पाकीट, आत रबरबँडने बांधलेल्या गड्ड्या आणि प्रत्येक गड्डीवर विक्रेत्याच्या हातची चिठ्ठी : ‘टर्की १९३०’, ‘टर्की १९७०’, ‘टर्की अरबी, जुनी’. रबरं आधी काढली. बऱ्याच नोटांच्या कडा दबल्या आहेत, काहींवर रबर विरघळून पिवळा पट्टा उमटलाय. तो आता जाणार नाही आणि मी घालवायलाही बसणार नाही. नोट धुणं, तिला इस्त्री फिरवणं, खोडरबर लावणं, या तिन्ही गोष्टींना या टेबलावर मज्जाव.

काम काय ते लिहून ठेवतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या संग्राहक गटात तुर्की नोटा पुष्कळांकडे आहेत. स्वस्त मिळतात, दिसायला देखण्या असतात. पण त्या कोणत्या सालच्या हे विचारलं की उत्तर चुकतं. म्हणून मराठीत एक ओळखतक्ता करायचा. नोट हातात आली की आधी काय बघायचं, मग काय, आणि शेवटी तिला कोणत्या पानावर लावायचं, हे त्यात यावं. हा लॉट त्यासाठीच घेतला, कारण यात उस्मानी (ऑटोमन) काळापासून लाखा-लाखांच्या नोटांपर्यंत थोडं थोडं सगळं आहे.

पहिली वाटणी लिपी आणि चेहरा यांवरून. अरबी लिपीतल्या डाव्या बाजूला. रोमन लिपी आणि अतातुर्क, म्हणजे प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल, असलेल्या मधोमध. रोमन लिपी आणि इनोनू, म्हणजे अतातुर्कांनंतरचे राष्ट्राध्यक्ष, असलेल्या त्याच्या पलीकडे. उजवीकडे शून्यांची रांग असलेल्या. ही शेवटची चळत सगळ्यांत उंच झाली, ते अपेक्षितच होतं.

८ जुलै

‘टर्की १९३०’ ही चिठ्ठी कशी जन्माला आली ते या गड्डीतली कुठलीही नोट बघून कळतं. मधोमध बारीक अक्षरांत छापलंय : ११ हाझिरान १९३०, कायदा क्रमांक १७१५. हाझिरान म्हणजे जून. विक्रेत्याने तारीख वाचली आणि चिठ्ठी लिहिली. पण ही नोटेची तारीख नाही. तुर्कस्तानच्या मध्यवर्ती बँकेची स्थापना ज्या कायद्याने झाली, त्या कायद्याची ही तारीख आहे. बँकेचं कामकाज १९३१ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि तिची पहिली नोट, पाच लिरांची, चलनात आली १५ ऑक्टोबर १९३७ रोजी. म्हणजे ‘१९३०’ लिहिलेली एकही नोट १९३० ची असूच शकत नाही.

पुढे हीच ओळ तीस-पस्तीस वर्षं छापली जात राहिली. नंतर बँकेचा नवा कायदा झाला, १४ ओजाक १९७०, क्रमांक १२११. ओजाक म्हणजे जानेवारी. मग नोटांवर ही तारीख आली आणि तीही तशीच टिकली. २००१ साली निघालेल्या दोन कोटी लिरांच्या नोटेवरही १९७० च आहे. एकतीस वर्षांचं अंतर एका ओळीत दडलेलं. विक्रेते ते अंतर खिशात घालतात आणि नवा संग्राहक त्याचे पैसे मोजतो. मला या प्रकाराची चीड आहे, आणि तक्त्याची पहिली ओळ त्यासाठीच ठेवतोय : तुर्की नोटेवरची तारीख कायद्याची असते, नोटेची नसते.

ही ओळ निरुपयोगी मात्र नाही. सहाव्या मालिकेतली पाच लिरांची नोट घ्या. मागे मानवगातचा धबधबा. ही १९६८ साली निघाली तेव्हा तिच्यावर १९३० चा कायदा होता. पुढच्या दशकात तीच नोट, तोच धबधबा, पण ओळ १९७० ची. लॉटमध्ये दोन्ही निघाल्या. शेजारी ठेवून भिंगातून बघितलं की फरक तेवढ्या एका ओळीत दिसतो. सहजी बघणारा दोन्ही एकाच कप्प्यात टाकेल. नोटांच्या जागतिक कॅटलॉगमध्ये त्यांना वेगवेगळे क्रमांक आहेत, त्यांना ‘पिक क्रमांक’ म्हणतात.

तुर्की संग्राहक स्वतः मालिका मोजतात. पहिली १९२७ ची, दुसरी १९३७ पासून, तिसरी आणि चौथी १९४० च्या दशकातली, पाचवी १९५१ पासून, सहावी १९६६ पासून, सातवी १९७९ पासून, आठवी २००५ ची, नववी २००९ ची. मालिकेच्या आत पुन्हा ‘तर्तीप’ असतात, म्हणजे एकाच किमतीच्या नोटेच्या क्रमाने निघालेल्या आवृत्त्या. रंग बदलतो, सह्या बदलतात, कधी छापखाना बदलतो. तक्त्यात पिक क्रमांकाच्या जोडीला मालिका आणि तर्तीपही देणार. पाचवी मालिका म्हणजे ई-५, सहावी म्हणजे ई-६ असं लिहायची पद्धत आहे, तीच ठेवतो.

१२ जुलै

आज सह्या.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नोटा जमवणारा आधी सही बघतो, मग चित्र. चिंतामणराव देशमुखांची सही दिसली की १९४३ ते १९४९ हा काळ डोक्यात पक्का होतो. तुर्की नोटांनाही हेच लागू पडतं, फक्त नावं आपल्या सरावाची नाहीत. म्हणून गव्हर्नरांची यादी भिंतीवर चिकटवली. मुस्तफा नाइल गिदेल १९५३ ते १९६०. झियाएत्तिन कायला १९६३ ते १९६६. नाइम तालू १९६७ ते १९७१. पुढे जाफेर तय्यार सादिक्लार, इस्माइल हाक्की आयदिनोग्लू, ओस्मान शिक्लार, यावुझ जानेवी, १९८७ पासून रुश्दू साराजोग्लू आणि शून्यांच्या काळात गाझी एर्चेल व सुरेय्या सेरदेनगेच्ती.

यात एक नाव सावध करणारं आहे : मेमदुह गुपगुपोग्लू. हे १९६० मध्ये काही काळ गव्हर्नर होते आणि पुन्हा १९७२ ते १९७५. फक्त सही वाचून साल ठरवायला गेलात तर बारा वर्षांचा घोळ होऊ शकतो. इथे कायद्याची ओळ कामाला येते. १९७० चा कायदा छापलेला असेल तर दुसरी कारकीर्द, दुसरा प्रश्नच नाही. एकटी ओळ फसवते, एकटी सही फसवते, दोन्ही एकत्र वाचल्या की नोट बोलायला लागते.

नाइम तालूंची सही असलेली वीस लिरांची एक नोट मिळाली, मागे अनितकबीर, म्हणजे अतातुर्कांची अंकारातली समाधी. तालू पुढे, १९७३ मध्ये, तुर्कस्तानचे पंतप्रधान झाले. मनमोहन सिंगांची सही असलेली नोट आपल्याकडे लोक जपून ठेवतात, ती त्यांनी गव्हर्नर म्हणून केलेली आहे. तालूंच्या नोटेकडे मी त्याच कौतुकाने बघतोय. नोट मध्ये दुमडलेली आहे, एका कोपऱ्याला टाचणीचं भोक आहे, तरी तिला स्वतंत्र पान देणार.

चित्रंही साक्ष देतात. हजार लिरांच्या नोटेवर बॉस्फरसचा पूल आहे. तो पूल खुला झाला १९७३ मध्ये आणि नोट निघाली १९७८ मध्ये. दहा लाखांच्या नोटेवरचं अतातुर्क धरणही असंच. चित्रातली वास्तू कधी उभी राहिली हे ठाऊक असेल तर नोट त्याआधीची असू शकत नाही.

१३ जुलै

साठवण. पावसाळा चालू आहे, खोलीत ओल आहे. जुन्या अल्बमची पीव्हीसीची पाकिटं बाद केली, ती कालांतराने चिकट होतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं आणली. डब्यात सिलिका जेल. बस.

२० जुलै

अरबी लिपीची चळत. आजचा पूर्ण दिवस हिच्यातच गेला आणि अजिबात कंटाळा आला नाही.

उस्मानी साम्राज्याने पहिली कागदी नोट १८४० मध्ये काढली, सुलतान अब्दुलमजीदच्या काळात. तिला ‘काइमे’ म्हणत. सुरुवातीच्या काइमे हाताने लिहिलेल्या होत्या आणि त्यांवर व्याज मिळायचं, म्हणजे नोटेपेक्षा रोख्याच्या जवळच्या. बनावट काइमे फिरायला लागल्या तेव्हा त्या छापायला घेतल्या. त्या या लॉटमध्ये असण्याचा संभव नव्हता आणि नाहीतही. माझ्यासमोर आहेत त्या पहिल्या महायुद्धातल्या. तुर्कीत यांना ‘एव्राक-ए नक्दिये’ म्हणतात. १९१५ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडून आलेल्या सोन्याच्या तारणावर पहिली तुकडी निघाली. पुढच्या तुकड्यांना सोन्याऐवजी जर्मन सरकारी रोख्यांचं तारण. लढाई संपल्यावर ठरावीक मुदतीने सोनं मिळेल, असं वचन. एकूण सात तुकड्या आणि त्यांची गोळाबेरीज सुमारे सोळा कोटी लिरा. सोनं लोकांनी दडवलं, कागद घसरत गेला. सुट्या नाण्यांची एवढी टंचाई झाली की १९१७ मध्ये टपाल तिकिटं पुठ्ठ्यावर डकवून चिल्लर म्हणून चालवली गेली.

या नोटांवर सुलतानाचा तुघ्रा, म्हणजे त्याची नक्षीदार राजमुद्रा, आहे आणि खाली कायद्याची तारीख. इथेही तारीख कायद्याचीच. पण आता साल कोणतं, हा प्रश्न. नोटेवर १३३१ लिहिलंय.

माझ्या आजोबांच्या पेटीत निजामाच्या राजवटीतले महसुलाचे कागद होते, त्यामुळे हे कोडं मला ओळखीचं आहे. १३३१ हिजरी म्हणाल तर इसवी १९१२-१३. १३३१ फसली म्हणाल, म्हणजे निजामाच्या कागदांवरचं साल, तर १९२१-२२. आणि १३३१ रूमी म्हणाल तर १९१५-१६. एकच आकडा, तीन सनांत तीन वेगळे काळ. उस्मानी सरकारचं आर्थिक साल रूमी होतं. रूमी साल सूर्यमानाचं, मार्चपासून सुरू होणारं. त्यात ५८४ मिळवले की इसवी साल येतं. इंग्रजी याद्यांत या तारखांपुढे सरसकट हिजरीची खूण छापतात आणि मग लोक हिजरीच्या कोष्टकात बघून १९१३ काढतात. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची महायुद्धाची नोट! तक्त्यात हे ठळक लिहायचं.

जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना ५८४ नव्हे, ५८५ मिळवायचे, कारण साल मार्चमध्ये बदलतं. उदाहरण म्हणून एक कायदा : ४ शुबात १३३२. शुबात म्हणजे फेब्रुवारी. ५८४ मिळवून १९१६ येतं, ते चूक. खरी तारीख १७ फेब्रुवारी १९१७. त्यात तेरा दिवसांचा फरकही आहे, कारण रूमी दिनांक तोवर जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत. हा फरक १९१७ मध्येच मिटवला : १५ शुबात १३३२ च्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च १३३३ धरला. तेव्हापासून महिना आणि दिवस युरोपशी जुळले, साल तेवढं रूमी राहिलं. इसवी सन आला १ जानेवारी १९२६ पासून.

आकड्यांसाठी चार ओळी लिहून ठेवतो, कारण आपल्याकडच्या लोकांचं इथेच अडतं. पोकळ गोल दिसला की आपण शून्य वाचतो. इथे पोकळ गोल म्हणजे पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे तोच कोन पालथा. चार हा उलट्या काढलेल्या इंग्रजी तीनसारखा. मराठवाड्यात ज्यांनी निजामाच्या उर्दू नोटा हाताळल्यात त्यांना चार, पाच, सहा यांची वळणं थोडी निराळी वाटतील. ती अरबी घडणीची आहेत, उर्दूची नव्हेत.

२३ जुलै

साताऱ्याच्या एका मित्राला परवा या तारखांविषयी फोनवर सांगितलं, तर त्याने रात्री एका नोटेचे फोटो पाठवले. त्यांच्या घरात ही नोट आजीच्या ट्रंकेत होती. घरातली समजूत अशी की पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, ‘कूटच्या वेढ्यात होते आणि ही नोट त्यांनी तिथून आणली’. मित्राने लिहिलं होतं, ‘खरं असेल तर सांग, नसेल तरी सांग.’

कूट-अल-अमारा, आजच्या इराकमधलं. सहावी पूना डिव्हिजन, सेनापती टाउनशेंड. तुर्की सैन्याचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. आत १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री होत्या, ११७ मराठाही होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. उपासमार, मग कैद, मग वाळवंटातून चालत नेणं. रास-अल-ऐन आणि अनातोलियाच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर कित्येकांना जुंपलं. बरेच जण परत आलेच नाहीत. हे सगळं डोक्यात ठेवून फोटो मोठा केला.

एक लिरा. वर तुघ्रा. तारीख वाचली : २८ मार्ट १३३३. आता गणित सोपं आहे. मार्च १९१७ पासून दिवस जुळलेले, म्हणजे २८ मार्च १९१७, त्या दिवसाचा कायदा. छापून बाहेर यायला त्यानंतरचा काळ. कूट पडून तेव्हा अकरा महिने झाले होते. इतकंच नव्हे, ११ मार्च १९१७ ला बगदादही इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. ही नोट कूटमध्ये असणं शक्यच नाही आणि उस्मानी अंमलाखालच्या बगदादमध्ये असणंही शक्य नाही. सही जाविद बे यांची, आणि ते अर्थमंत्री झाले ते फेब्रुवारी १९१७ मध्ये. त्याआधीच्या नोटांवर तलत यांची सही असते. दोन्ही धागे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

मित्राला लगेच फोन करून सांगितलं की नोट कूटमधली नाही. तो थोडा गप्प झाला. मग पुढचं सांगितलं : उस्मानी मुलखात, कूटनंतर निदान वर्षभराने ही नोट हाती येऊ शकेल असा माणूस कोण? जो तिथे कैदी होता तो. त्याला घरात पदक शोधायला सांगितलं. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते.

२६ जुलै

पदक सापडलं. कडेवर १०३ चा आकडा आहे, नाव जुळतं. मित्राच्या मोठ्या आत्यांना एवढं आठवतं की ते ‘लढाई मिटल्यावर, सगळे आले त्यांच्या मागून’ गावी आले. ३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोसच्या युद्धबंदीनंतर कैदी सुटले, त्याच्याशी हे जुळण्यासारखं आहे. पणजोबांच्या कैदेचा कागद हाती येईपर्यंत मी ‘शक्यता बळकट’ एवढंच लिहिणार. नोट वेढ्यातली असल्याची गोष्ट मोडली, पण तिच्या जागी उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाला जास्त न्याय देणारी आहे. अडीच वर्षांची कैद या घरात कुणी बोलून दाखवली नव्हती.

ती नोट मित्राच्या घरीच राहणार. मी एक पॉलिएस्टरचं पाकीट पाठवलंय. नोट, पदक आणि आत्यांनी सांगितलेलं लिहून काढलेलं पान, तिन्ही एकत्र ठेवा, असं बजावलंय. नोट एकटी पडली की पुढच्या पिढीत ती पुन्हा ‘अरबी, जुनी’ होते.

२ ऑगस्ट

‘टर्की अरबी, जुनी’ या गड्डीत प्रजासत्ताकाची १९२७ ची एक लिरासुद्धा निघाली. छातीत धडधड झाली हे खरं. पहिल्या मालिकेची नोट एवढ्या भावात मिळत नसते.

आधी तिची थोरवी. प्रजासत्ताक १९२३ चं, पण चलनात फिरत होत्या उस्मानी युद्धनोटाच. ३० डिसेंबर १९२५ ला ७०१ क्रमांकाचा कायदा करून त्या बदलायचं ठरलं आणि ५ डिसेंबर १९२७ ला नव्या नोटा आल्या. किती? १५,८७,४८,५६३ लिरांच्या, म्हणजे बाद होणाऱ्या उस्मानी नोटा जेवढ्या होत्या तेवढ्याच. एक लिराही जास्तीची नाही. साम्राज्याचं कर्ज नव्या राष्ट्राने कागदासकट अंगावर घेतलं आणि वर स्वतःची भर घातली नाही, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. छपाई इंग्लंडमध्ये, थॉमस डी ला र्यूकडे. मध्यवर्ती बँक अजून व्हायची होती, म्हणून नोट अर्थमंत्रालयाची. मजकूर अरबी लिपीतल्या तुर्कीत आणि फ्रेंचमध्ये. एक लिरावर बैलांचा नांगर धरलेला शेतकरी, पाचावर लांडगा, पन्नासपासून पुढे मुस्तफा केमाल. अकरा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९२८ ला, लिपीच बदलली. तरी या नोटा चालत राहिल्या. शाळेत मुलं रोमन अक्षरं गिरवत होती आणि बाजारात बापाच्या हातात अरबी अक्षरांची लिरा होती. हे निदान १९३७ पर्यंत.

आता समोरची नोट. दहापट भिंगाखाली नांगराची रेघ रेघ राहत नाही, तिचे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके होतात. खऱ्या नोटेवर रेघ सलग असते आणि शाई बोटाला जाणवते. इथे बोट घसरत जातं. क्रमांक आणि चित्र एकाच थरात छापलेत. खऱ्या नोटेत क्रमांक वेगळ्या फेरीत छापलेला असतो, तो किंचित दबलेला आणि कधी थोडा तिरका असतो. मग अंधार करून यूव्ही टॉर्च लावला. कागद निळसर पांढरा झगमगला. जुन्या चिंध्यांच्या लगद्याचा कागद असा उजळत नाही, तो मंद राहतो. झगमग ही हल्लीच्या कागदातल्या पांढरेपणा आणणाऱ्या रसायनाची. घड्यांवर चहासारखा रंग फासून जुनेपणा आणलाय, तो घड्यांच्या आत गेलेला नाही, वरच बसलाय.

नक्कल. पाकिटावर लाल शाईने तसं लिहिलं. फेकणार नाही. गटात दाखवायला खऱ्या उस्मानी नोटेशेजारी हिच्यासारखं दुसरं साधन मिळायचं नाही. टॉर्चखाली दोन्ही ठेवल्या की पोरांना एका क्षणात समजेल.

९ ऑगस्ट

इनोनूंची चळत छोटी आहे, पण तिची कथा मोठी.

अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ ला गेले, इस्मेत इनोनू राष्ट्राध्यक्ष झाले आणि नव्या नोटांवर त्यांचा चेहरा आला. १९५० च्या निवडणुकीत सत्ता बदलली. १९५१ पासूनच्या पाचव्या मालिकेत अतातुर्क परत आले, ते आजतागायत आहेत. त्यामुळे रोमन लिपीच्या नोटेवर इनोनू दिसले की काळाचा शोध १९४० च्या दशकाभोवती आटोपतो. ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही.

खरी मौज छापखान्यांची. तुर्कस्तान दुसऱ्या महायुद्धात जवळपास शेवटपर्यंत तटस्थ राहिलं. त्याच्या नोटा इंग्लंडमध्ये ब्रॅडबरी विल्किन्सनकडे छापल्या जात होत्या आणि बर्लिनच्या सरकारी छापखान्यात, राइश्सड्रुकेराइमध्येही. एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या दोन देशांत एकाच माणसाचा चेहरा कोरला जात होता. नंतर अमेरिकन बँक नोट कंपनीही आली. कोरणाऱ्याचा हात वेगळा कळतो. भिंगाखाली डोळ्यांभोवतीच्या रेषा बघा, जर्मन छपाईत त्या आखीव आणि कोरड्या, अमेरिकन छपाईत सावल्या जास्त भरलेल्या. हे माझं निरीक्षण माझ्याजवळच्या नोटांपुरतं.

पन्नास कुरुशची, म्हणजे अर्ध्या लिराची, नोट याच काळातली. इंग्लंडमध्ये छापलेला माल घेऊन निघालेलं ‘सिटी ऑफ रूबे’ हे जहाज ग्रीसच्या पिरियस बंदरात होतं. ६ एप्रिल १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बंदरावर हल्ला केला, दारूगोळ्याने भरलेलं ‘क्लॅन फ्रेझर’ फुटलं आणि त्याच्याबरोबर आसपासची जहाजं गेली. नोटा पाण्यात पडल्या, लोकांनी त्या बाहेर काढल्या आणि त्या बाजारात शिरू लागल्या. तुर्कस्तानने तो सगळा साठा रद्द केला. ज्या नोटा चलनात कधी आल्याच नाहीत, त्या आज संग्रहांत आहेत, त्या अशा. लॉटमध्ये ही नाही. रिकामं पाकीट पानावर लावून ठेवलंय. समुद्राच्या पाण्याचे डाग असलेली मिळाली तर तीच हवी.

१७ ऑगस्ट

उंच चळत. ई-७, १९७९ ते २००५. इथे फार रेंगाळत नाही, पण गटातल्या नव्या मुलांसाठी ही सगळ्यांत उपयोगी. दहा लिरांपासून सुरुवात, मागे अतातुर्कांना फुलं देणारी मुलं. मग पाच हजार १९८१ मध्ये, मौलाना रूमी. दहा हजार १९८२ मध्ये, वास्तुविशारद मिमार सिनान. वीस हजार १९८८, पन्नास हजार १९८९, एक लाख १९९१, अडीच लाख १९९२, पाच लाख १९९३, दहा लाख १९९५, पन्नास लाख १९९७, एक कोटी १९९९, दोन कोटी २००१. महागाई वर्षागणिक कशी चढली ते दुसरं काही न वाचता समजतं. पाच हजारांपासून पुढच्या नोटा किमतीच्या क्रमाने लावल्या की आपोआप सालाच्या क्रमाने लागतात, ही सोय दुसऱ्या कुठल्या मालिकेत नाही.

एक कोटीच्या नोटेमागे पिरी रेईसचा नकाशा आहे, १५१३ चा. मला या मालिकेत सर्वांत आवडलेली नोट हीच. किनाऱ्याच्या रेषा आणि दिशादर्शक चक्रं इतकी बारीक कोरली आहेत की भिंग हातातून ठेववत नाही.

१ जानेवारी २००५ ला सहा शून्यं उडवली. दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा. तेव्हा एका अमेरिकन डॉलरला तेरा-साडेतेरा लाख जुन्या लिरा पडत. त्यामुळे ‘दोन कोटींची नोट’ म्हणून कुणी डोळे विस्फारून विकत असेल तर ती बदलीच्या वेळी वीस नव्या लिरांची होती, हे मनात ठेवावं. शिवाय तुर्कस्तानात बाद केलेल्या नोटा दहा वर्षं बदलून मिळतात, नंतर नाही. ई-७ ची मुदत २०१५ अखेर संपली, ई-८ ची २०१९ अखेर. आता कोणत्याही बँकेत यांना दर्शनी किंमत नाही. कोरी करकरीत असेल तर थोडे पैसे द्यावेत, चुरगळलेली असेल तर अल्बमची जागा भरायला घ्यावी.

२४ ऑगस्ट

तक्त्याचा पहिला खर्डा झाला. क्रम असा ठरला : लिपी, मग चेहरा, मग कायद्याची ओळ, मग सही, मग मागचं चित्र, शेवटी कागद. कागद शेवटी लिहिलाय, पण नोट विकत घेताना टॉर्च आधी बाहेर काढावा. रूमी सालांचं कोष्टक स्वतंत्र पानावर, फसली आणि हिजरी शेजारच्या रकान्यांत, म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाला आपल्या घरातले कागदही त्याच पानावरून वाचता येतील.

राहिलेलं काम : पाचव्या मालिकेतली अडीच लिरांची नोट. हिचे तर्तीप रंग आणि सह्यांवरून लावायचे आहेत. माझ्याजवळच्या सगळ्या एकाच तर्तीपाच्या निघाल्या. नाशिकच्या एका संग्राहकाकडे बाकीच्या आहेत, त्यांनी दिवाळीआधी या म्हटलंय. भिंग, टॉर्च आणि गव्हर्नरांची यादी घेऊन जायचं.